नाटेकर मॅडमचा अलार्म

पूर्णगडच्या त्या कोल्ड रूममधली मासळी माझ्यामुळे नासली. हे आधीच लिहून टाकतो, कारण ही हकीकत मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आणि प्रत्येक वेळी हे एक वाक्य तेवढं गिळलं. मासळी नासली ती मी लिहिलेल्या एका ओळीमुळे, आणि दोष गेला सुलभा नाटेकरांच्या माथी. ओळ माझी आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो म्हणणं म्हणजेही स्वतःला सवलत देणं झालं. मी त्याहून वाईट केलं.

नाटेकर मॅडम आणि मी रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एकाच खोलीत बसत होतो. बर्फाचे कारखाने, मासळीच्या कोल्ड रूम, आंब्याचा रस साठवणारे, अशा लोकांना लागणारी कंट्रोल कार्डं आम्ही बनवायचो. पंज्याएवढं हिरवं कार्ड, त्यावर एक चिप आणि चिपमध्ये आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, मी चाळिशीला टेकलेला. हुद्द्यानं त्या मोठ्या होत्या, पण हुद्द्यापेक्षा त्यांचा आवाज मोठा होता.

अंगानं बारीक बाई. खोलीच्या दाराशी चप्पल काढून यायच्या आणि खुर्चीवर एक पाय दुमडून बसायच्या. स्वतःच्या मोबाईलवर फोन आला तरी "कोण हवंय?" असं विचारायच्या. फोन करणाऱ्याला त्यांच्याशिवाय दुसरं कोण हवं असणार, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. पेन केसांत खोचायच्या आणि तेच पेन सगळ्यांच्या टेबलांवर शोधत फिरायच्या. सांगायला गेलं की सांगणाऱ्यावरच चिडायच्या, "मग आधी का नाही बोललास? मजा बघत होतास?" आम्ही खरंच मजा बघत असायचो.

एक प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असायचा. "कोणाचं आहे ते?" कात्री घ्या, तार घ्या, खुर्ची ओढा, पाठीमागून आवाज यायचाच. शेजारच्या कंपनीनं एकदा आमचा ऑसिलोस्कोप नेला, म्हणजे तारेतली वीज पडद्यावर रेघेसारखी दाखवणारं यंत्र. आमच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, विचारून नेला होता. पण तो असायचा मॅडमच्या टेबलावर आणि मॅडमना कोणी विचारलं नव्हतं. त्या अनवाणीच रस्ता ओलांडून गेल्या, तिथला इंजिनिअर त्यावर मोजत असताना तारा उपटल्या आणि यंत्र पोटाशी धरून परत आल्या. पाठोपाठ तो बिचारा.

"मॅडम, साहेबांनी दिला होता हो."

"साहेबांचा आहे काय तो?"

"मग कोणाचा? कंपनीचाच ना?"

"कंपनी काय यातून बघते? मी बघते. आता विचार."

"काय विचारू?"

"नेऊ का, म्हणून विचार की, मेल्या!"

त्यानं विचारलं. "ने," म्हणाल्या. यंत्र परत त्यालाच उचलायला लावलं. बाकीचे हसले. मला मात्र हसू आलं नाही. ही बाई उगाच माणसांना छळते, असं माझं तेव्हाच मत झालं होतं आणि ते मी जपून ठेवलं.

प्रोग्रॅम लिहितानाही त्यांचा हाच खाक्या. आमची चिप जुनी आणि लहान. साहेबांनी कधीतरी एकदम घेऊन ठेवलेला साठा संपत नव्हता. त्यामुळे आम्ही अजून असेंब्लीत लिहायचो. असेंब्ली म्हणजे चिपच्या अगदी जवळची भाषा. 'खोली तापली तर भोंगा वाजव' हे तिथे एका वाक्यात सांगता येत नाही, लहान मुलासारखा एकेक घास भरवावा लागतो. काम वाटून घेतलेलं असायचं. तापमान मोजणं आणि अलार्म मॅडमच्या फाईलीत, बटणं आणि पडदा माझ्या फाईलीत. गिऱ्हाइकानं बटणं दाबून ठरवलं, की अमुक इतकं तापमान झालं की भोंगा वाजवायचा, तर तो आकडा मला मॅडमच्या फाईलीतल्या एका जागेत नेऊन ठेवायला लागणार. त्या जागेला त्यांनी नाव दिलेलं. ते नाव बाहेरच्यांना खुलं आहे, असं त्यांनी आपल्या फाईलीत लिहायचं. त्याला पब्लिक करणं म्हणतात. आणि हे नाव माझं नाही, बाहेरचं आहे, असं मी माझ्या फाईलीच्या सुरुवातीला लिहायचं; ते एक्स्टर्न. मग लिंकर नावाचा प्रोग्रॅम दोन्ही फाईली जोडतो आणि माझ्याकडच्या नावाची गाठ त्यांच्याकडच्या जागेशी मारतो. त्यांनी खुलं केलेलं नसेल तर लिंकर अडून बसतो, हे बाहेरचं नाव कुठेच सापडत नाही म्हणून.

मॅडमची नावं मराठी असायची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. खोलीताप, दारउघडं, मर्यादा. साहेबांना ते आवडायचं नाही.

"उद्या बाहेरचा माणूस आला तर त्याला काय कळणार, मॅडम?"

"बाहेरचा म्हणजे कुठला?"

"पुण्याचा धरा."

"मग कळेल. थोडं थोडं."

यातलं कुठलंही नाव पब्लिक करून हवं असेल तर त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं आणि कशाला हवंय ते सांगायचं, असा नियम. मग त्या सांगणार, त्या जागेत आकडा कसा ठेवतात, उणे आकडा कसा ओळखायचा, ती जागा आणखी कोण वापरतं. ऐकून घेतल्याशिवाय सुटका नाही. मला हे अपमानाचं वाटायचं. पंधरा पावलांवर बसलेला सहकारी मी, आणि दर वेळी शाळेतल्या पोरासारखं जाऊन उभं राहायचं?

पूर्णगडचं कार्ड करत होतो तेव्हा मी जागेवरूनच म्हटलं, "मॅडम, मर्यादा पब्लिक करा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बटणांवरून भरायचीय."

"इकडे येऊन सांग."

"इथून ऐकू येतंय की तुम्हाला."

"मला येतंय. मी काय सांगणार ते तुला येणार नाही. इकडे ये."

साहेब दारात उभे होते आणि हसले. त्यांच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी गेलो नाही. मॅडमनीही केलं नाही. दिवसभर लिंकर तेच रडगाणं गात राहिला, नाव सापडत नाही, नाव सापडत नाही. संध्याकाळी वैतागून मी एक्स्टर्नची ओळ पुसली आणि त्याच नावाची, मर्यादा नावाची, एक जागा माझ्याच फाईलीत करून टाकली. तात्पुरती. लिंकर गप्प झाला, माझा पडदा चालायला लागला आणि मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. "केलंय रे पब्लिक. रागावू नकोस एवढा. उणे आकड्यांचं तेवढं समजून घे."

"हो," मी म्हटलं. समजून घेतलं नाही. आणि ती तात्पुरती ओळ काढायची राहून गेली.

कार्ड पास करायची मॅडमची पद्धत ठरलेली. तापमान मोजणारी तार स्वतःच्या चहाच्या कपात बुडवायच्या. खोली पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती गरमच असते आणि भोंगा उगाच कोकलत राहू नये, म्हणून त्यांनी सुरुवातीची मर्यादा चाळीस अंश ठेवलेली असायची. चहा त्याहून गरम, त्यामुळे भोंगा वाजायचा. तो वाजला की मॅडमचा चेहरा उजळायचा. मग तार पुसून त्या तोच चहा प्यायच्या. "बटणांवरून मर्यादा बदलते का ते तू बघ," त्यांनी मला सांगितलं. मी बटणं दाबली. पडद्यावर उणे दहा आलं. बघितलं म्हणून सांगितलं.

पूर्णगडची कोल्ड रूम इस्माईलभाईंची. खाडीच्या काठाला एक लांबट इमारत, आत सुरमई, पापलेट, कोळंबी. त्यांची स्वतःची मासळी थोडी, बाकी सगळी गावातल्या बोटवाल्यांची. कार्ड बसवायला आम्ही दोघं गेलो. मॅडमनी तिथेही चहा मागवला, तार बुडवली, भोंगा वाजवून दाखवला.

"बाई, चहा फुकट गेला," इस्माईलभाई म्हणाले.

"जातो कुठे? मी पिते की."

मासळी निवडणाऱ्या बायका खिदळल्या. निघताना इस्माईलभाईंनी विचारलं, "रातीला माणूस ठेवू की नको राखणीला?"

"कशाला? गरम झालं की हा बोंबलणार. तुम्ही खुशाल निजा, भाई. माझा शब्द."

मॅडम शब्द वगैरे देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी दिला, कारण त्या खूश होत्या.

काही महिन्यांनी एका सकाळी फोन आला. रात्री केव्हातरी कॉम्प्रेसर बंद पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं टाकलं होतं आणि वास रस्त्यापर्यंत आला होता. पडद्यावर खोलीचं तापमान अधिक नऊ दिसत होतं. त्याच्या शेजारी मर्यादा, उणे दहा, अगदी ठळक. आणि भोंगा गप्प. मॅडम त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. कार्ड बघतंय, त्याला कळतंय आणि तरी ते बोलत नाही, असं ते दृश्य होतं.

इस्माईलभाई ओरडले नाहीत. "बाई, तुमच्या भरवशावर निजलो मी," एवढंच म्हणाले. बोटवाले बाजूला उभे होते. एक म्हातारी बोलली, "ह्या यंत्रापरीस माझा बापूस बरा होता, नाकानं सांगायचा." कोणी हसलं नाही.

परत आल्यावर मॅडमनी आपली फाईल उघडली. दुपारी मला विचारलं, "शेखर, मर्यादा माझ्याकडे पब्लिक आहे. तू एक्स्टर्न केलंयस ना?"

"हो."

"बघून सांग."

"त्यात बघायचं काय, मॅडम? केलंय म्हटलं ना."

त्यांनी माझी फाईल उघडली नाही. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावलेला होता. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, त्यांच्यासाठी विषय संपला.

त्या डबा खायला गेल्यावर मी फाईल उघडली. एक्स्टर्न नव्हतंच. माझी तात्पुरती ओळ तशीच होती. इस्माईलभाईंनी भरलेलं उणे दहा माझ्या मर्यादेत जाऊन बसलं होतं आणि पडदाही तिथूनच वाचत होता, म्हणून सगळं बरोबर दिसत होतं. मॅडमचा अलार्म मॅडमच्या मर्यादेकडे बघत होता, जिथे पहिल्या दिवसापासून चाळीसच होते. मी बाहेर शोध म्हटलंच नाही, तर लिंकर शोधायला जाणार कशाला? एका नावाच्या दोन जागा झाल्या होत्या आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

तेव्हा उठून जेवणाच्या खोलीत गेलो असतो आणि सांगितलं असतं, तर मॅडमनी मला सगळ्यांसमोर मेल्या म्हटलं असतं आणि बहुतेक तिथेच संपलं असतं. मी तसं केलं नाही. ओळ काढली, एक्स्टर्न घातलं. आणि मग पूर्णगडहून काढून आणलेलं कार्ड मॅडमच्या टेबलावर होतं ते घेतलं, त्याची चिप पुसली आणि तिच्यात दुरुस्त केलेला प्रोग्रॅम भरून ते होतं तिथे ठेवलं. न विचारता.

मॅडम आल्या, कार्ड जोडलं, मर्यादा भरली, तार फ्रीजरमधून काढली. भोंगा वाजला.

"शेखर, हे वाजतंय रे."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? तिथे वाजलं नाही ना!"

नंतरचे आठवडे मला विसरता येत नाहीत. मॅडम रोज ते कार्ड जोडायच्या आणि ते रोज वाजायचं. त्यांनी ते बर्फात ठेवलं, उन्हात ठेवलं, वीज कमी-जास्त करून बघितलं, खाऱ्या वाफेत धरलं. वाजलं की पूर्वी ज्यांचा चेहरा उजळायचा, त्या आता वाजलं की कपाळावर हात मारायच्या. "एकदा नको वाजूस रे, बाबा," असं त्या कार्डाला विनवताना मी त्यांना ऐकलंय. आपल्या फाईलीची ओळ न् ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. बरोबर असलेल्या फाईलीत चूक शोधत त्या बसलेल्या, आणि मी तिथेच बसून दुसऱ्या कार्डाचा पडदा करत होतो. मला त्यांचा रागच यायचा. सोडत का नाही ही बाई? किती दिवस? माझाच मला येणारा राग मी त्यांच्यावर काढत होतो, हे कळायला मला फार उशीर लागला.

शेवटी साहेबच कंटाळले. "तुमचा अलार्म राहू दे आता, मॅडम. बाहेरचा तयार घेऊ." मॅडमना परत आलेली कार्डं तपासायचं काम दिलं. त्यांनी ते काही दिवस केलं. एक दिवस कंपनीचं जे होतं ते टेबलावर नीट मांडून ठेवलं, प्रत्येक वस्तू कोणाकडे द्यायची ते मला तोंडी सांगितलं आणि त्या गेल्या. परत आल्या नाहीत. घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवतात, असं ऐकलं. कॉम्प्युटर शिकवा म्हणून पालक मागे लागले तेव्हा नाही म्हणाल्या.

रत्नागिरी ती केवढीशी! बाजारात, बँकेत, गाठ पडायचीच. दर वेळी इकडचं तिकडचं बोलून त्या विचारायच्या, "त्याचं काही कळलं का रे?" आणि दर वेळी मी म्हणायचो, "नाही, मॅडम."

मागच्या महिन्यात वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे मॅडम होत्या, मोतीबिंदूच्या तपासणीसाठी. वडिलांची चौकशी केली. मग नेहमीचा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला नाही. त्या म्हणाल्या, "शेखर, पूर्णगडचं ते, माझंच काहीतरी राहिलं असणार. तेव्हा माझं डोकं नीट चालत नव्हतं बहुतेक. तू नको शोधत बसूस आता."

मी कधीच शोधत नव्हतो.

येत्या रविवारी जाऊ म्हणून ठरवलं आणि गेलो. शिकवणी सुटली होती, त्या फळा पुसत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पुसायचं थांबवलं नाही.

"कुठे होती ओळ?"

"बटणं वाचतो तिथे, वरच."

"आणि मी एक्स्टर्न विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"नव्हतं. अर्ध्या तासानं कळलं."

"आणि चिप?"

"मी पुसली."

आता त्या थांबल्या. "म्हणजे मी जे वाजवत बसले होते ते..."

"हो. दुरुस्त केलेलं होतं."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी डॉक्टरकडे जाऊन आले होते रे. डोक्याच्या. मला वाटलं, मी विसरायला लागले. माझ्या आईचं तसंच सुरू झालं होतं." त्यांनी फळ्यावर राहिलेला एक आकडा बोटानं पुसला. "पण माझंही चुकलंच. त्या दिवशी तुला ताटकळत ठेवलं नसतं तर तू ती ओळ घातलीच नसतीस."

हेच वाक्य इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी नाही म्हटलं नाही. मुकाट्यानं घेतलं.

"साहेबांचं सोड," त्या म्हणाल्या. "इस्माईलभाईंना कोण सांगणार?"

"मी फोन करतो."

"फोन कसला करतोस! चल."

माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. पावस गाव मागे टाकलं. पुढे एकदाच म्हणाल्या, "खड्डा बघ." त्या दिवसानंतर त्या पूर्णगडला गेल्याच नव्हत्या, हे मला तिथे पोचल्यावर कळलं, कारण रस्ता रुंद होऊन वळण बदललं होतं आणि त्या कोल्ड रूमसाठी जुन्याच वळणावर वळ म्हणाल्या.

इस्माईलभाई आता थकलेत. त्यांनी मॅडमना ओळखलं आणि कोरडेपणानं मान हलवली. बसा म्हणाले नाहीत.

"हा शेखर. माझ्याबरोबर यायचा," मॅडम म्हणाल्या. "ह्याला बोलायचंय."

मी बोललो. एक्स्टर्न, पब्लिक यातलं काही नाही. म्हटलं, "भाई, त्या रात्री भोंगा वाजला नाही ती चूक माझी. तुम्ही भरलेला आकडा मी बाईंच्या अलार्मपर्यंत पोचवलाच नव्हता. बाईंचं काम बरोबर होतं. मला कळलं होतं आणि मी लपवलं."

इस्माईलभाईंनी मला नीट न्याहाळलं. माझ्याशी ते बोलले नाहीत. आत जाऊन एक खुर्ची घेऊन आले, खांद्यावरच्या पंच्यानं झटकली आणि मॅडमसमोर ठेवली. "बसा, बाई." मॅडम बसल्या, दोन्ही पाय खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्यांच्या घरी मी ओळ सांगितली, चिप सांगितली, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि जे म्हणायला गेलो होतो ते म्हटलंच नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "मगाशी तुम्ही म्हणालात, तुमचंही चुकलं. नाही चुकलं. तुम्ही मला फक्त विचारायला बोलावलं होतंत. मी आलो नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा न बघताच हो म्हटलं, आणि बघितल्यावर गप्प राहिलो. तुमच्याकडे यातलं काहीच येत नाही. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत बायका मासळी निवडत बसल्या होत्या, त्या उघड्या दाराकडे मॅडम बघत होत्या.

"आत ऐकू गेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी दारापाशी गेलो आणि सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.